आवाज कमी, टोन तोच : ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमधली व्हॉल्यूमची डबी

एप्रिल लागला की नागपुरात खिडकीत कूलर बसतो. आणि कूलर बसला की खोली बंद करता येत नाही. आत आलेली हवा बाहेर जायला समोरचं दार उघडं हवंच, नाहीतर तासाभरात खोली दमट होऊन जीव घुसमटतो. म्हणजे वर्षाचे तीन महिने माझ्या ४० वॅटच्या ट्यूब ॲम्पचा (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणाऱ्या गिटार ॲम्प्लिफायरचा) आवाज दारातून थेट जिन्यात.

प्रतापनगरला आमच्या इमारतीत माझ्या बरोबर खाली राहणाऱ्या मावशी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नर्स आहेत. नाइट ड्यूटी करून सकाळी येतात आणि दुपारी झोपतात. मी ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवते. संध्याकाळी शिकवण्या, रात्री कार्यक्रम, त्यामुळे माझ्या रियाझाला दुपारच उरते. एक दिवस मावशी वर आल्या. रागावल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, तू वरतं वाजवून राहिली अन् माझ्या पलंगाखालचे डबे वाजून राहिले."

मी भावाला वर उभं केलं, गिटार त्याच्या हातात दिली आणि खाली गेले. मावशींच्या पलंगाखाली पिठाचे दोन स्टीलचे डबे होते. भावाने वर ए तार मोकळी छेडली की लहान डब्याचं झाकण कडेला थरथरायचं, तार थांबली की थांबायचं. ए तार ११० हर्ट्झची. असे खालचे सूर स्लॅबमधून सहज उतरतात, आणि ज्या माणसाला झोपायला फक्त दुपारचे चार तास आहेत त्याच्या उशाशी ते पोचत होते. त्या दिवशी ठरवलं की ॲम्प घरात वाजवायचा तर मावशींचं झाकण हलता कामा नये. आणि टोनही मारायचा नाही, कारण टोन मेला तर रियाझ कशाचा करायचा?

नुसती घुंडी कमी करून का भागत नाही

माझ्या ॲम्पच्या क्लीन चॅनलला एकच व्हॉल्यूम आहे. शून्यावर काही नाही, एकवर कुजबुज, आणि दीडवर लग्नाचा हॉल. मधलं काही सापडतच नाही. एकवर ठेवलं तर आवाज लहान होतो, पण पातळही होतो, कारण ॲम्पच्या पुढच्या भागातल्या, म्हणजे प्रीॲम्पच्या, ट्यूबांना पुरेसा सिग्नलच मिळत नाही. गिटारवरचा व्हॉल्यूम कमी केला तरी तेच.

हे ॲम्पमधला बिघाड म्हणून नाही, आकड्यांमुळे होतं. बऱ्याच बारा इंची गिटार स्पीकरांना एक वॅट दिला तर एक मीटरवर जवळपास १०० डेसिबल आवाज येतो. एक वॅट! ४० वॅटला तो ११६ पर्यंत जातो. घरात मला ७० डेसिबल पुरे, म्हणजे मोठ्याने बोलणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त. दर १० डेसिबलला वॅट दहापट घटतात, तेव्हा ७० डेसिबलला लागतो वॅटचा हजारावा भाग. ४० वॅटचा ॲम्प चाळीस हजार पटींनी खाली आणायचा आहे. 'छोटा वीस वॅटचा घे' असं सांगणारे भेटतात, पण चाळीसचे वीस केल्याने फक्त ३ डेसिबल कमी होतात. मावशींना त्यात काही फरक पडणार नव्हता.

कायदाही इथे लक्षात ठेवावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. उघड्या दारातून जिन्यात किती जातं याचा विचार करताना मी हे आकडे समोर ठेवते.

आता मुद्द्याची गोष्ट. गिटार ॲम्पचे दोन भाग असतात. पुढचा प्रीॲम्प : त्यात १२एएक्स७ सारख्या लहान ट्यूब, गेन, बेस, मिडल, ट्रेबल. टोनचा मोठा भाग तिथे घडतो. मागचा पॉवर ॲम्प : त्यात ६एल६ किंवा ईएल३४ सारख्या मोठ्या ट्यूब, ज्या घडलेल्या आवाजाला स्पीकर हलवण्याइतकं बळ देतात. इफेक्ट्स लूप म्हणजे या दोघांमधलं दार. सेंडमधून प्रीॲम्पचा सिग्नल बाहेर येतो, रिटर्नमधून पॉवर ॲम्पमध्ये परत जातो. लोक तिथे डिले आणि रिव्हर्ब लावतात. आपण तिथे नळाची तोटी लावायची, म्हणजेच व्हॉल्यूमची एक छोटी डबी. प्रीॲम्प हवा तेवढा तापू द्या, टोन घडू द्या, आणि घडलेल्या टोनमधला पॉवर ॲम्पकडे किती सोडायचा ते तोटीने ठरवा. एका पॉटचं (पोटेन्शिओमीटरचं, म्हणजे घुंडी फिरवून रोध बदलणाऱ्या भागाचं) काम आहे. बॅटरी नको, अडॅप्टर नको.

आधी तुमचा लूप तपासा

ॲम्पच्या मागे एफएक्स सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक शोधा. फेंडरच्या हॉट रॉड मालिकेत त्यांनाच प्रीॲम्प आउट आणि पॉवर ॲम्प इन म्हटलंय. काम तेच.

लूप दोन प्रकारचे. सिरीज लूपमध्ये सगळा सिग्नल बाहेर जाऊनच परत येतो. ही युक्ती तिथे अगदी नीट चालते. पॅरलल लूपमध्ये थोडा सिग्नल बाहेर न जाता आतूनच पुढे निघतो. तिथे मागे बहुतेकदा मिक्सची घुंडी असते, ती पूर्ण शंभर टक्क्यांवर न्या, नाहीतर डबी शून्यावर आणली तरी आवाज येतच राहील. ओळखायचं कसं? एक वायर फक्त रिटर्नमध्ये खोचा, दुसरं टोक मोकळं ठेवा आणि गिटार हळू छेडा. गिटारचा आवाज पूर्ण गेला तर सिरीज. थोडा उरला तर पॅरलल.

तिसरी शक्यता, मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाची घुंडी) लूपच्या नंतर येत असेल तर तोटी आधीच बसवलेली आहे. तरी डबीचा उपयोग होतो, कारण बऱ्याच मास्टर घुंड्या सुरुवातीलाच उसळतात आणि डबीने ती उसळी निवळते. ॲम्पला लूपच नसेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. आणि कृपा करून त्यासाठी ट्यूब ॲम्प उघडू नका. आत ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतो.

एक गोष्ट मी शिकवणीतल्या प्रत्येक पोराला दोनदा सांगते, इथेही सांगते. ही डबी सेंड आणि रिटर्नच्या मध्ये. स्पीकरच्या वायरीत कधीच नाही. स्पीकर आउटमध्ये अर्ध्या वॅटचा पॉट लावला तर तो जळेल, आणि ट्यूब ॲम्पला स्पीकरचा भार मिळाला नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ती दुरुस्ती हजारो रुपयांची असते.

डबी बनवणं

बर्डीला, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात सगळं सामान मिळतं : एक पॉट, दोन ६.३५ मिलिमीटरचे मोनो जॅक, एक ॲल्युमिनियमची छोटी पेटी, एक घुंडी, थोडी शिल्डेड वायर (आतल्या तारेभोवती धातूचं आवरण असलेली). पेटी धातूचीच घ्या. प्लास्टिकच्या पेटीत कूलरच्या मोटरची आणि ट्यूबलाइटची घरघर शिरते. स्टीलची डबी चालते, पण तिला भोक पाडताना ड्रिलबिट झिजतं.

पॉटच्या बाबतीत मी आधी चुकले होते, म्हणून जरा थांबून सांगते. घरी जुन्या गिटारमधला ५०० किलोओहमचा पॉट पडला होता, तोच लावला. आवाज कमी झाला खरा, पण गोधडीखालून आल्यासारखा. कारण असं की पॉट मधोमध असताना पुढच्या वायरीला त्याच्या एक चतुर्थांश इतका रोध दिसतो, म्हणजे इथे १२५ किलोओहम. शिल्डेड वायरीत मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो, माझी वायर तीन मीटरची होती. दोन्ही मिळून चार किलोहर्ट्झच्या वरचं सगळं उतरायला लागतं. गिटारची धार तिथेच तर असते. तेच १०० किलोओहमच्या पॉटला ही सीमा २१ किलोहर्ट्झवर जाते, म्हणजे कानाला काही कळत नाही.

तेव्हा साधी डबी करायची तर १०० किलोओहम, लॉग, म्हणजे घुंडी फिरवताना सुरुवातीला हळू आणि पुढे भराभर वाढणारा. लिनिअर सगळीकडे सारखाच वाढतो. दुकानात 'लॉग' असं स्पष्ट मागा, कारण न सांगता बहुतेकदा लिनिअर हातात येतो. पॉटवर ए१००के असा शिक्का असेल तर लॉग, बी असेल तर लिनिअर. लिनिअर पॉट घेतला तर ॲम्पच्या घुंडीची तीच तक्रार डबीवर येईल, सगळा खेळ पहिल्या पाच अंशांत.

पण लॉग पॉटही घरासाठी पुरत नाही, हे मला वापरून कळलं. वॅट चाळीस हजार पटींनी खाली आणायला पॉवर ॲम्पकडे जाणारं व्होल्टेज साधारण दोनशे पटींनी उतरवायचं असतं (दोनशेचा वर्ग चाळीस हजार) आणि लॉग पॉट मधोमध दहा-पंधरा टक्के सोडतो. म्हणजे कामाची जागा पुन्हा सुरुवातीच्या कोपऱ्यातच. म्हणून आता मी करते ती डबी अशी : २२ किलोओहमचा लॉग पॉट आणि त्याच्या आधी २२० किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर. त्यावर लाल, लाल, पिवळा आणि सोनेरी पट्टा दिसेल. दोन्ही मिळून २४२, त्यातले २२ पॉटवर. घुंडी पूर्ण उघडली तरी सिग्नलचा अकरावा भागच पुढे जातो, जवळपास २१ डेसिबल आधीच कमी. उरलेल्यासाठी घुंडी आरामात फिरते, केसाएवढं सरकवून श्वास रोखून धरायला लागत नाही. शिवाय सेंडवर भार अगदी हलका पडतो, आणि ज्या ॲम्पच्या लूपला बफर (सेंडच्या सिग्नलला जोर देणारा भाग) नाही तिथे याला फार महत्त्व आहे.

आता जोडणी. पॉटची दांडी तुमच्याकडे आणि तिन्ही पाय खाली असे धरा. डावा पाय एक, मधला दोन, उजवा तीन. पेटीला दोन जॅकची भोकं साडेनऊ-दहा मिलिमीटरची, पॉटचं सात मिलिमीटरचं. जॅक पेटीत कसताना आतला रंग असेल तर भोकाभोवती पॉलिश पेपरने खरवडून काढा, म्हणजे पेटी ग्राउंडला नीट लागते. 'सेंडकडून' म्हणून खूण केलेल्या जॅकच्या टिपपासून (सिग्नलच्या पायापासून) रेझिस्टर, रेझिस्टरचं दुसरं टोक पॉटच्या तिसऱ्या पायाला. पॉटचा दुसरा पाय 'रिटर्नकडे' जॅकच्या टिपला. पहिला पाय ग्राउंडला (जॅकच्या दुसऱ्या, बाहेरच्या कड्याला जोडलेल्या पायाला), आणि दोन्ही जॅकचे ग्राउंडही एकमेकांना वायरीने जोडा, फक्त पेटीवर विसंबू नका.

सोल्डर करताना २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरे. पॉटचा पाय दोन-तीन सेकंद तापवा, सोल्डर इस्त्रीला नाही तर पायाला लावा. चांगला डाग चकचकीत असतो आणि पायाभोवती ओघळून बसतो. मंद, गोळा झालेला डाग म्हणजे कच्चा. तो आज वाजेल आणि कार्यक्रमाच्या दिवशी कुरकुरेल. कूलरसमोर बसून सोल्डर करू नका, वाऱ्याने डाग गार पडतो. मे महिन्यात ती दहा मिनिटं घाम गाळूनच काढावी लागतात.

ॲम्पला लावण्याआधी मल्टिमीटर लावा. सेंडच्या टिपपासून रिटर्नच्या टिपपर्यंत घुंडी पूर्ण उघडी असताना २२० किलोओहम, बंद असताना २४२ च्या जवळ. रिटर्नची टिप आणि ग्राउंड यांत बंद असताना शून्य, उघडी असताना २२. उलटं दिसलं तर पॉटचा पहिला आणि तिसरा पाय अदलाबदल झालाय.

लावून पाहणं

ॲम्प बंद ठेवून डबी जोडा. वायरी शिल्डेड, गिटारच्याच, आणि आखूड. मी मीटरभराच्या वापरते. स्पीकरची वायर इथे चालत नाही, तिला शिल्ड नसतं आणि ती रेडिओसारखी सगळं गोळा करते. डबीची घुंडी शून्यावर. मग ॲम्प चालू, ट्यूब तापल्या की प्रीॲम्पचा व्हॉल्यूम तुम्ही स्टेजवर जिथे ठेवता तिथे न्या. माझा चारवर असतो. अजून शांतताच असेल. आता डबी हळूहळू उघडा.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी कितीतरी वेळ एकच ओपन ई कॉर्ड वाजवत बसले होते. तोच भरलेला, गोल टोन, आणि त्यावरून कूलरचं पाणी टपटपताना ऐकू येत होतं.

पण सगळं तसंच राहतं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. मोठ्या ट्यूब दाबल्यावर जो दमदार चिवटपणा येतो आणि स्पीकरचा कागद ढकलला जाताना जो गुरगुराट होतो, तो यात मिळत नाही. तो डबीच्या नंतरचा, पॉवर ॲम्प आणि स्पीकरचा मामला आहे. शिवाय आपला कानच कमी आवाजात खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. म्हणून ॲम्पवर बेस थोडा वाढवावासा वाटतो. मी मात्र बेस वाढवत नाही, प्रेझेन्स (वरच्या सुरांची आणखी एक घुंडी) किंवा ट्रेबल किंचित वाढवते. बेस वाढला की तो आधी खालच्या मजल्यावर पोचतो, माझ्या कानापर्यंत नंतर.

ॲम्प जमिनीवरून उचलून लाकडी स्टुलावर ठेवला आणि स्टुलाखाली जुनी चटई दुमडून घातली, त्याचाही फरक पडला. डबीने आवाज कमी होतो, पण जमिनीला टेकलेल्या ॲम्पची उरलेली थरथर थेट स्लॅबमध्ये उतरत असते.

लूपमध्ये आधीच डिले, रिव्हर्ब असतील तर डबी त्यांच्या शेवटी, रिटर्नच्या अगदी आधी. पेडलांना भरपूर सिग्नल मिळतो आणि त्यांची स्वतःची सूं-सूंही (हिस) डबीत कमी होते. फक्त प्रीॲम्प जास्त तापवला तर सेंडचा सिग्नल पेडलांना झेपत नाही आणि डिले फाटल्यासारखा येतो. ॲम्पच्या मागे लूपची लेव्हल बदलायचं बटण असेल तर ते कमीकडे टाका.

सोल्डर करायचं नसेल तर ग्राफिक इक्वलायझर पेडल हेच काम करतं. बॉसच्या जीई-७ ला लेव्हलची पट्टी आहे, १५ डेसिबलपर्यंत खाली येते, आणि १०० हर्ट्झची पट्टी खाली ओढली की डब्याचं झाकण थांबवायला आयतीच मदत. व्हॉल्यूम पेडलही चालतं, पण पाय लागून ते हलतं, म्हणून दुपारच्या वेळी मी त्यावर भरवसा ठेवत नाही.

घरघर आली तर आधी कूलर बंद करून पाहा. थांबली तर ॲम्पचा प्लग दुसऱ्या पॉइंटला न्या, कूलरच्या बोर्डावर नको. तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन काढून घरघर घालवायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. गिटारच्या तारा तुमच्या हातात असतात.

आणि डबी काढल्यावर आवाज अचानक कमी-जास्त होऊ लागला, मधेच तुटू लागला, तर ट्यूब बदलायला धावू नका. रिटर्न जॅकमध्ये एक छोटा संपर्क असतो, जो काही न खोचलेलं असताना आतला रस्ता जोडतो. नागपूरची धूळ आणि नंतरचा पाऊस यांनी तो काळा पडतो. सेंडपासून रिटर्नला एक आखूड वायर थेट लावा. आवाज सुधारला तर दोष त्या संपर्काचाच. ॲम्प बंद करून, प्लग काढून, वायरीच्या पिनवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ती रिटर्न जॅकमध्ये दहा-बारा वेळा आत-बाहेर करा.

माझ्या डबीच्या घुंडीभोवती नेलपॉलिशच्या दोन खुणा आहेत. भावाला वर वाजवायला लावून मी पुन्हा मावशींच्या पलंगाशी बसले आणि फोनवरून त्याला 'थोडं अजून, थोडं अजून' सांगत गेले, झाकण हलायला लागेपर्यंत. मग जरा मागे. ती लाल खूण, कूलर चालू असतानाची. गुलाबी खूण बरीच खाली आहे, नोव्हेंबरनंतरची, कारण कूलर निघाला की इमारत इतकी शांत होते की खालून मावशींच्या कुकरची शिटीही मोजता येते. कार्यक्रमाला निघताना डबी काढून घरीच स्टुलावर ठेवते, आणि स्टेजवर ॲम्प चालू करण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर आहे ना ते हाताने बघते, कारण घरी तो चारवर असतो.